पायरीपासून पाण्यापर्यंत

पेडण्याच्या बाजारात सुविधाच्या स्टुडिओत शिरून घाईघाईत सुटलेला माणूस अजून कुणी पाहिलेला नाही. पासपोर्टचा फोटो काढायला आलेल्याने कितीही घड्याळ दाखवलं तरी ती त्याला आधी केस विंचरायला लावते, मग कॉलर सारखी करायला लावते आणि तो चिडला की शांतपणे म्हणते, "दहा वर्सां ह्योच फोटो घेवन फिरतलास. दोन मिनटां थांब." माणूस थांबतो.

हा हट्ट तिने माहेरून आणला. माहेर डिचोलीचं. वडील बाबाजी यांचा डिचोलीच्या बाजारात फोटो स्टुडिओ होता. बरोबरीच्या मुली रांगोळीचे ठिपके शिकत होत्या तेव्हा ही काळोख्या खोलीत लाल दिव्याखाली फोटो धुवायला शिकली. फोटो बिघडला की बाबाजी ओरडत नसत आणि फाडतही नसत. तो तिच्या हातात देऊन म्हणत, "कित्या बिघडलो तां सांग, मगे जेव." चूक सापडेपर्यंत जेवण नाही, ही सवय तिला तिथे लागली आणि चाळिशी उलटली तरी सुटली नाही.

लग्न होऊन ती पेडणे तालुक्यात सुरूभाटात आली. नवरा दत्तप्रसाद सरकारी बसवर ड्रायव्हर. सकाळी बस घेऊन निघायचा तो वास्को करून दिवेलागणीला परतायचा. घरात राज्य सासूचं, म्हणजे गंगाचं. सुरूभाट हा समुद्राच्या अगदी काठावरचा एकोणीस घरांचा वाडा. सुविधा नवी नवरी म्हणून आली तेव्हा घर आणि दर्या यांच्यामध्ये सुरूच्या झाडांच्या चार रांगा होत्या. आता अर्धी रांग उरली आहे, तीसुद्धा तिरकी. दर पावसाळ्यात समुद्र थोडी वाळू नेतो, एखादं झाड आडवं करतो आणि लोक त्याचं जळण करतात.

दोन वर्षांपूर्वी त्या किनाऱ्याला दगडांचा बंधारा मंजूर झाला. आनंदाची गोष्ट, पण नकाशावरचा बंधारा दक्षिणेकडून येऊन सुरूभाटाच्या अलीकडेच संपत होता. वाड्यातली माणसं बंधाऱ्याच्या सरकारी खात्यात चौकशीला गेली. तिथल्या कारकुनाने सांगितलं की वाढवून मिळेल, पण अर्जाला फोटो जोडा. दर्या, काठ आणि घरं एकाच फोटोत दिसली पाहिजेत. माणसं निश्चिंत होऊन परतली. फोटो काढणारी सून घरातच होती, मग काळजी कसली?

काळजी सुविधाला होती. तिच्याकडच्या लेन्समध्ये नवरा-नवरी छान येत, मंडपही येई, पण दर्या घेतला तर घर सुटे आणि घर घेतलं तर दर्या. मागे सरावं तर पाठ माडाला टेके, पुढे सरावं तर पाय पाण्यात. रुंद कोनाची लेन्स घेतल्याशिवाय हे होणार नाही, हे तिला पहिल्या दिवशीच कळलं.

त्या बाजूला नवी वस्तू घरात यायची तर आधी देवाला विचारतात. लग्न असो, विहीर असो की मोटार असो, देवळात जाऊन प्रसाद घ्यायचा. गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गंगा सुनेला घेऊन देवळात गेली. सदाशिव गुरवाने पाकळ्या लावल्या आणि काय विचारायचं ते विचारलं. गंगाने पदर सावरून प्रश्न घातला, "सुविधा जां नवां भिंग हाडतली, तेच्यात आमचा घर आनी दर्या एकठांय मावतला काय?"

उजवी पाकळी पडली. सदाशिवाला पुन्हा गाऱ्हाणं घालायचीसुद्धा वेळ आली नाही, इतकी चटकन पडली.

दुसऱ्या दिवशी सुविधा म्हापशाला गेली. निलेशचं कॅमेऱ्यांचं दुकान तिचं नेहमीचं. त्याने तीन लेन्स काचेवर मांडल्या. पहिली मोठ्या कॅमेऱ्यांसाठी बनलेली, धोंड्यासारखी जड. तिच्या छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ती लावली तर कॅमेराच मान खाली घालायचा, आणि एवढं करून रुंदी कमीच मिळणार. नाकापेक्षा मोती जड, म्हणून तिने ती बाजूला सारली. दुसरीचं काम देखणं होतं, पण पुढची काच बेडकाच्या डोळ्यासारखी बाहेर आलेली. तिच्यावर फिल्टर बसत नव्हता.

"दर्यावर खारो वारो," ती म्हणाली. "मीठ सरळ काचेर बसतला. पुसून पुसून काच झिजतली."

"उजेड जास्त घेता ही," निलेश म्हणाला.

"उजेड माका कशाक? तिपायेर कॅमेरो ठेवतलंय. दर्या खंय धावन जाता?"

तिसरी लेन्स हलकी होती, पुढून सपाट, दहा मिलिमीटरपासून सुरू होणारी. उजेडाला थोडी कंजूष, पण फिल्टर बसणारी. तिने ती लावून दुकानातूनच रस्त्याकडे पाहिलं. समोरची पाच दुकानं, बसस्टॉप, आणि कडेला निलेशचं स्वतःचं पोट, सगळं आत आलं. तिने तीच घेतली. निवड अगदी शहाण्यासारखी होती. चूक पुढे झाली.

गणपतीची चवथ होऊन गेल्यावर, भर भरतीची वेळ साधून सुविधा घराच्या गच्चीवर चढली. उंचावरून सगळं दिसतं, असा साधा हिशेब. दहा मिलिमीटर लावलं. घराचं कौलारू टोक, अंगण, तुळस, तिरक्या सुरू, वाळू, दर्या, आभाळ, सगळं एका चौकटीत मावलं. तिने मोठा फोटो छापला. वाड्यातल्या प्रत्येकाने तो हातात घेऊन पाहिला आणि गंगा चारचौघांत म्हणाली, "देवान सांगितलेलांच." अर्ज गेला.

उत्तर आलं ते शिमगा झाल्यावर. पत्र नम्र होतं. "सोबत जोडलेल्या छायाचित्रावरून भरतीरेषा व घरे यांमध्ये पुरेसे अंतर असल्याचे दिसून येते. सबब तूर्त बंधारा वाढविण्याची आवश्यकता नाही."

सुविधाने पत्र दोनदा वाचलं आणि फोटोची प्रत काढून पुढ्यात धरली. आणि मग तिला दिसलं. जवळचं घराचं टोक केवढं तरी मोठं आलं होतं, अंगण फुटबॉलच्या मैदानाएवढं पसरलं होतं, आणि दर्या लांब कुठेतरी, दोन बोटांची निळी फीत. फोटोतला समुद्र बघून कुणालाही वाटलं असतं की इथे एखादं हॉटेल बांधायला हरकत नाही. तिने स्वतःच्या हाताने काढलेला फोटो वाड्याविरुद्ध साक्ष देऊन आला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

वाड्यातला बाबली रापणीचं जाळं ओढणारा, तोंडाचा फटकळ. तो येऊन म्हणाला, "सुविधाच्या फोटोत दर्या पार तिरकोलाच्या खाडीपलीकडे गेलो. आता आमका मासे मारूक दत्तूची बस धरूक होयी." सगळे हसले. सुविधाही हसली. पण त्या दुपारी ती जेवली नाही. तिला लाज वाटत होती. रागही होता, पण तो काढायचा कुणावर? खात्याच्या साहेबाने खोटं लिहिलं नव्हतं. फोटोत तसंच दिसत होतं.

गंगा तिच्याजवळ येऊन बसली. "देवान उजवी दिली गो," ती हळूच म्हणाली. "मगे असां कशां जालां?"

"आपण काय विचारलेलां?"

"मावतला काय, म्हणान."

"मगे मावलां."

गंगाने देवळाच्या दिशेने हात जोडले. देव खोटा ठरला नव्हता. प्रश्नच अपुरा घातला होता.

चूक नक्की कुठे ते सापडेना, म्हणून सुविधा डिचोलीला वडिलांकडे गेली. बाबाजी आता अठ्ठ्याहत्तरचे. स्टुडिओ बंद होऊन बरीच वर्षं झाली, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. त्यांनी फोटो खिडकीपाशी नेऊन भिंगाखाली धरला.

"खंय रवान काढलंस?"

"गच्चीर. उंचावयल्यान सगळां दिसता."

"म्हणजे उंटावरसून शेळयो हाकलंस," बाबाजी म्हणाले, पण त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. फोटो खाली ठेवून त्यांनी तिला आजवर न सांगितलेली गोष्ट सांगितली. पस्तीस वर्षांपूर्वी एका खाणीजवळची माणसं त्यांच्याकडे आली होती. खाणीचा खड्डा त्यांच्या कुळागराला, म्हणजे पोफळीच्या बागेला, भिडत चालला होता आणि तेच दाखवणारा फोटो त्यांना हवा होता. बाबाजींनी फोंड्याच्या मित्राची रुंद लेन्स उसनी आणली आणि कुळागरात उभं राहून फोटो काढला. पुढे पोफळी अशा उंचच उंच आल्या आणि मागे खड्ड्याची कड म्हणजे एक तांबडी रेघ. माणसांनी तो फोटो अर्जाला जोडला.

"दोन वर्सांनी तां कुळागर खड्ड्यात गेलां," बाबाजी म्हणाले. "भिंग खोटां बोलूक नाय. मी उबो रवलंय ती जागा चुकली. कोणाकच सांगूक नाय मी. आता तुका सांगतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मुलीच्या स्कूटरवर मागे बसून मयेचं तळं गाठलं. तळ्याच्या काठाने चालायची वाट आहे, तिला लोखंडी कठडा, कठड्याला सारख्या अंतरावर खांब. बाबाजी एका बाकावर टेकले. "ही खांबां काढ. हंय सारक्या अंतरार आसत, फोटोतय तितक्याच अंतरार येवक होयीत. जाल्यार आपण जेवया."

सुविधा कठड्याच्या टोकाला उभी राहिली. पहिला खांब माणसाएवढा, शेवटचा काडीएवढा. बाकावर चढली, तरी तेच. वाटेवर बसली, तर पहिला खांब आणखी वाढला. ऊन चढत गेलं. होड्यांतून फिरणारे पर्यटक ही बाई कठड्याचे एवढे फोटो कशाला काढते म्हणून बघू लागले. शेवटी ती वाट सोडून उतरली, तळं वळतं तिथून पलीकडच्या काठावर गेली आणि कठड्याकडे सरळ तोंड करून उभी राहिली. आता प्रत्येक खांब तिच्या समोरच्या एकाच सरळ रेषेत होता. कॅमेरा जराही खाली-वर झुकू न देता तिने फोटो घेतला, आणि पडद्यावर पाहिलं. पहिल्यापासून शेवटच्या खांबापर्यंत अंतर सारखं. कॅमेरा किंचित झुकवला की खांब पंख्यासारखे फाकत, सरळ केला की पुन्हा शहाण्यासारखे उभे राहत. कडेला उभ्या असलेल्या एका पर्यटकाचं डोकं मात्र पपईसारखं लांबलं होतं.

"कडेक माणूस ठेवूचो नाय," ती परत येऊन वडिलांना म्हणाली. "आनी घराकडसून दर्याकडे बघूचां नाय. आडव्यान बघूचां. घर आनी दर्या, दोनूय माझ्यापासून सारके लांब होये."

बाबाजी उठले. "चल, जेवया." त्या दिवशी ती दोन दिवसांचं एकदम जेवली.

परतताना ती म्हापशाला निलेशकडे थांबली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एक लांबलचक लेन्स काढून पुढ्यात ठेवली. "इतकी कटकट कित्याक? ही घेवन जा. लांबसून मार. दर्या आनी घर अशीं एकमेकांक चिकटतलीं, लाट पायरेर बसल्यासारकी दिसतली. साहेब बूट न घालता धावत येतलो."

सुविधाने ती लेन्स हातात घेतली. मोह झाला, खोटं कशाला सांगा. पहिल्या फोटोने वाड्याचं नुकसान केलं होतं, दुसऱ्याने भरून निघालं असतं. पण तिने ती परत ठेवली.

"आनी साहेब येवन पायरेर उबो रवलो आनी लाट थंय नसली तर?" ती म्हणाली. "आसा तितकांच दाखवतलंय. आमचां आसा तितकां पुरां."

जागा तिने दुसऱ्याच दिवशी हेरली. वाड्याच्या उत्तरेला सुरूचा एक मोठा बुंधा आडवा पडला होता. तिथून डावीकडे घराची पायरी, उजवीकडे पाणी, दोन्ही सारख्याच अंतरावर. बुंध्यामागे लगेच ओहळ, म्हणजे मागे सरायला जागा नाही. इतक्या जवळून एवढा पल्ला दहा मिलिमीटरशिवाय मावलाच नसता. लेन्सचं पारडं तिथे पुन्हा जड झालं. प्रश्न उरला मापाचा. मोकळी वाळू बघून साहेबाला अंतर काय कळणार? वाळूत बांबू रोवले तर भरतीची लाट ते उपटून नेई. तिने तीनदा रोवून पाहिले.

मग तिला धालो आठवला, बायकांचा ओळीने नाचायचा खेळ. पुसाच्या, म्हणजे पौषाच्या महिन्यात वाड्यातल्या बायका मांडावर, नाचाच्या ठरलेल्या पवित्र जागेत, ओळ धरतात, एकीचा हात दुसरीच्या कमरेला. हातभर अंतर, ना कमी ना जास्त. बांबूपेक्षा बायका बऱ्या, लाटेला हलत नाहीत.

गंगा धालोची पुढारीण. तिने ऐकल्याबरोबर मान हलवली. "मांडाभायर धालो नाय. आनी पुसाआदी तर नायच नाय."

"नाचूचां नाय, आई. गावूचांय नाय. फकत उबां रवूचां."

"ओळ ती ओळ."

सुविधाने पुन्हा विषय काढला नाही, पण रोज सकाळी पाव विकायला येणाऱ्या पोदेराकडून पोयी घेऊन झाल्या की ती त्या बुंध्यावर जाऊन बसे, रिकाम्या हाताने. सासू ते पायरीवरून बघत असे. चार दिवसांनी गंगा पायऱ्या उतरून वाळूवर आली, पाण्यापर्यंत चालत गेली आणि परतून सुनेजवळ उभी राहिली.

"मी लगीन जावन इलंय तेव्हा," ती म्हणाली, "पायरेवयल्यान दर्याक पावासर माझे पाय भाजत. वाटेत सुरूच्या सावळेक थांबूक लागायचां. आज थांबूकच नाय गो. पावलंय." तिने पायांवरची वाळू झटकली. "ओळ धरूया. मांड रागावलो तर मी बघतंय."

दिवस ठरला नारळी पुनवेचा. त्या दिवशी दर्याला नारळ द्यायला सगळा वाडा काठावर येतोच, आणि पुनवेची भरती दुपारी भरते. दुपारचं ऊन म्हणजे फोटोग्राफरला शिक्षा, पण सुविधाला सुंदर फोटो नको होता. तिने बुंध्याजवळ तिपाई खोचली, कॅमेरा पातळीत आणला, फिल्टरवरचं मीठ पुसलं. नारळ दिले गेले. मग गंगा पायरीवर उभी राहिली आणि धालोच्या रीतीप्रमाणे हातभर अंतराने एकेक बाई तिला जोडत गेली. एकोणीस घरांतून एकोणीस बायका आल्या होत्या. पदर खोचणं, एकमेकींना चिमटे काढणं, 'गो, माझां पोट येता काय' असं सगळं चाललं होतं.

नवव्या बाईला पाणी लागलं. ती तनया, वैशाखात लग्न होऊन आलेली, वाड्यातली सगळ्यांत नवी सून. लाट तिच्या घोट्यांवरून गेली आणि ती थांबली. तिच्यामागच्या दहाजणी तशाच उभ्या राहिल्या, त्यांना धरायला जागाच नव्हती.

हसणं थांबलं. रोज त्या काठावर राहणाऱ्या, रोज तिथे मासे सुकवणाऱ्या बायका, पण घर आणि दर्या यांच्यामध्ये फक्त नऊजणी मावतात हे त्यांतल्या कुणालाच माहीत नव्हतं. गंगाने पायरीवरून ओळीच्या शेवटापर्यंत बघितलं.

सुविधाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पुसलं, काच पुन्हा पुसली, डाव्या कडेला माड आणि उजव्या कडेला नुसतं पाणी येईल असं बघितलं आणि एक एक करून सात फोटो घेतले. नव्या अर्जाला जोडलेल्या फोटोखाली तिने तारीख आणि भरतीची वेळ लिहिली आणि खाली एवढंच, 'पायरी ते पाणी, नऊ बायका.'

साहेब आला तो पितरांच्या अमावास्येला, बरोबर दुपारच्या भरतीला. पोक्त माणूस, हातात बूट, काखेत फायलीचं पाकीट, खिशात मोजपट्टी. त्याने पट्टी काढली तशी गंगा म्हणाली, "ती मगे. आदी ओळ बघ रे बाबा."

बायका जमल्या. सुविधाने साहेबाला बुंध्याजवळ नेऊन ज्या जागी तिपाई होती तिथेच उभं केलं. त्याने पाकिटातून तिचा फोटो काढून समोर धरला. गंगा पायरीवर, मग दुसरी, तिसरी, तीच माणसं, त्याच क्रमाने. आठवीच्या घोट्यांवरून लाट गेली. तनया नवव्या जागेवर आली आणि गुडघाभर पाण्यात उभी राहिली. गंगा ओरडली, "तनया, मागे सर."

साहेबाने फोटोतल्या बायका बोटाने मोजल्या. मग समोरच्या मोजल्या. मग पुन्हा फोटोतल्या.

"कधीचा हा?" त्याने विचारलं.

"नारळी पुनवेचो," सुविधा म्हणाली. "दीड महिनो जालो."

त्यानंतर त्याने मोजपट्टी लावली आणि आकडे लिहिले. वाळूवर ठेवलेले त्याचे बूट तेवढ्यात लाटेने भिजवले.

दिवाळी होऊन गेल्यावर पत्र आलं. बंधारा सुरूभाटाच्या शेवटच्या घरापर्यंत मंजूर, काम पुढच्या पावसानंतर. बाबलीने ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि प्रथमच त्याला त्यावर काही विनोद सुचला नाही. सुविधाने डिचोलीला फोन लावला. बाबाजींनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "जेवलंस काय?"

संध्याकाळी गंगा नारळ घेऊन देवळात गेली, सूनही बरोबर होती. सदाशिव गुरवाने सवयीने पाकळ्या भिजवून देवाच्या पाषाणाला लावायला घेतल्या. "काय विचारूया?"

"विचारूक नाय इलंय," गंगा म्हणाली. "सांगूक इलंय."

सदाशिवाने हात मागे घेतला. गंगाने नारळ पुढे ठेवला, पदर सावरला आणि देवाकडे सरळ बघत बोलली, "नऊजणी मावत होतंव. आता आठ मावतंव. दगड येयसर मधी आणखी एक पावस आसा. नऊ परत दी म्हणूक नाय. पण सात करू नको."

"व्हय म्हाराजा," सदाशिव गाऱ्हाण्याला साथ देतात तसा म्हणाला, आणि त्याच्या पाठोपाठ सुविधा.